दुसऱ्या खेपेला घड्याळ वेगळं लावा

दुसऱ्या बाळंतपणाची वाट पाहणाऱ्या प्रत्येकीला आधी एवढंच सांगते: पहिल्या वेळचा हिशोब या वेळी धरू नका. आणि बाळंतपण झटकन झालं म्हणजे सोपं झालं, असंही समजू नका. माझ्या धाकटीच्या जन्माने या दोन्ही गोष्टी मला दाखवल्या. ती संध्याकाळ निभावली, कारण प्रसूतिगृहात एक जाणती सिस्टर माझ्यासाठी तयार उभी होती. त्यांनी काय केलं आणि तुम्ही आधीपासून काय करून ठेवावं, ते सविस्तर लिहिते.

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, कल्याणला झालं. रात्री कळा सुरू झाल्या आणि मुलगा दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर झाला. दुसऱ्या वेळी मुलाची शाळा बुडवून माहेरी जाणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून ठाण्यात, वर्तकनगरलाच राहायचं ठरलं आणि नौपाड्याच्या बाजूच्या एका प्रसूतिगृहात नाव घातलं. आई, सासूबाई, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्या खेपेचंच वेळापत्रक होतं. प्रसूतिगृहाच्या सूचनांच्या कागदावरही सगळ्यांना एकच नियम होता: दर पाच मिनिटांनी कळ येऊ लागली आणि तासभर तसंच राहिलं, की या. पहिलटकरणीला हा नियम ठीक आहे. दुसरेपणाला, त्यातून वर्तकनगरहून संध्याकाळच्या गर्दीत नौपाडा गाठायचा असेल तर, तो धोक्याचा आहे.

हे ओळखलं ते लेबर रूमच्या सिस्टरनी. आठव्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा त्यांनी मला बाजूला बसवलं आणि एकेक विचारलं. पहिल्या वेळी कळा जोरात सुरू झाल्यापासून बाळ व्हायला किती वेळ लागला? टाके पडले होते का? रक्तस्राव जास्त झाला होता का? घर कुठे, गाडी कुणाची, मोठ्याला कोण सांभाळणार? सगळं ऐकून म्हणाल्या, "तू तासभर थांबायचं नाहीस. कळा ठरावीक अंतराने येतायत असं वाटलं की फोन कर. आणि कळ चालू असतानाच कर, ओसरल्यावर नको."

त्या दिवशी सकाळपासून कंबर भरून आली होती. संध्याकाळी सासूबाई पोळ्या लाटत होत्या आणि मी ओट्याशी उभी होते. एक कळ आली, मग लगेच दुसरी. तिसरीला ओटा घट्ट धरावा लागला. कळ चालू असतानाच सिस्टरना फोन लावला. "कळा सुरू झाल्यात, पण अजून..." एवढं बोलले आणि पुढचा शब्द निघेना. पलीकडून लगेच उत्तर आलं, "बोलणं तुटतंय तुझं. निघ. पिशवी राहिली तरी चालेल." मी म्हटलं, संडासला लागल्यासारखं वाटतंय, जाऊन येते आणि निघते. त्यांचा आवाज एकदम कडक झाला: "संडासात अजिबात जायचं नाही. बाळ खाली आलंय."

शेजाऱ्यांची गाडी मिळाली. पोखरण रोड नंबर एक कसाबसा सरला, पण कॅडबरी जंक्शनला पुलाखाली गाड्यांची रांग लागलेली. मी मागच्या सीटवर डाव्या कुशीवर पडले होते. नवऱ्याने फोनचा स्पीकर चालू ठेवला होता. सिस्टर बोलत राहिल्या, "तोंड उघडं ठेव, फुंकर मार. जोर आपसूक येईल, तू त्यात भर घालू नकोस." खोपटच्या आसपास पाणी गेलं. त्यांनी पहिला प्रश्न केला तो पाण्याच्या रंगाचा. पाणी स्वच्छ होतं. हिरवट असतं तर बाळाने पोटात शी केल्याची ती खूण असते आणि बाळाच्या श्वासाची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

पोचले तेव्हा कागदपत्रांसाठी कुणी अडवलं नाही. टेबल तयार होतं, कोरडे टॉवेल काढून ठेवले होते, गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन भरलेलं होतं. सिस्टरनी मला पाठीवर न झोपवता कुशीवरच ठेवलं. कोमट पाण्यात पिळलेलं कापड खालच्या भागावर दाबून धरलं आणि दुसरा हात बाळाच्या डोक्यावर अलगद ठेवला. "आता जोर नको. फुंकर... फुंकर... बास." डोकं सावकाश बाहेर येऊ दिलं, म्हणून मोठी जखम झाली नाही. बाळाला पुसून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, ओला टॉवेल काढून कोरडा घातला, टोपी चढवली. नाळ लगेच कापली नाही. ती धडधडायची थांबल्यावरच कापली. तोवर डॉक्टर वाटेतच होते. पहिल्या कळेपासून बाळापर्यंत दोन तासही झाले नव्हते.

बाहेर पेढ्यांची गोष्ट सुरू झाली. आत मात्र सिस्टरचा हात माझ्या ओटीपोटावरून हलला नव्हता. वार पडली, पण गर्भाशय आकसेना आणि रक्त वाहायला लागलं. त्यांनी पोट जोरात चोळलं, लघवीची पिशवी रिकामी केली, सलाइन लावलं, ऑक्सिटोसिनचा पुढचा डोस सुरू केला. डॉक्टर आले तेव्हा या सगळ्याची नोंद वेळेसकट लिहिलेली होती. रक्तस्राव आटोक्यात आला. रक्त चढवावं लागलं नाही. गर्भाशय नारळासारखं टणक हाताला लागल्यावरच सिस्टरनी हात काढला.

हा प्रसंग कॅडबरीच्या सिग्नलला आला असता तर? हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून पुढचं लिहिते.

असं का होतं

पहिल्या वेळी गर्भाशयाचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडत जातं. दुसऱ्या वेळी ही दोन्ही कामं बरोबरच होतात. ओटीपोटाचे स्नायू एकदा ताणलेले असतात, त्यामुळे बाळाला खाली सरकायला अडथळा कमी पडतो. नियमित कळा सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत बाळ झालं, तर वैद्यकशास्त्र त्याला अतिजलद प्रसूती म्हणतं. पहिलं बाळंतपण लवकर झालं असेल, तर दुसरं त्याहून लवकर होईल असंच धरून चाला. पण पहिल्याला वेळ लागला होता म्हणून दुसऱ्यालाही लागेल, हा भरवसा कुणी देऊ शकत नाही. माझं उदाहरण समोर आहे.

इतक्या वेगात गर्भाशय दमतं आणि नंतर सैल पडू शकतं. रक्तस्रावाचा धोका त्यातूनच येतो. जखमाही जास्त होऊ शकतात.

घरातून कधी निघायचं

कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या आणि कळेत बोलणं तुटू लागलं, की निघा. घड्याळ लावून तासभर मोजत बसू नका. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघा. पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, किंवा नाळेसारखं काही हाताला लागलं, तर एक मिनिटही थांबू नका. संडासला लागल्यासारखं वाटणं ही बाळ अगदी जवळ आल्याची खूण असू शकते. त्या वेळी एकटीने संडासात जाऊन कडी लावू नका.

आधी सिझेरियन झालं असेल, रक्तदाब वाढलेला असेल, वार खाली असेल, जुळी असतील किंवा बाळ आडवं-पायाळू असेल, तर कधी यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. माझे नियम तुमच्यासाठी नाहीत. तुम्हाला याहूनही लवकर निघायचं आहे.

सातव्या महिन्यात ठरवून ठेवा

मोठं मूल कुणाकडे राहील, ते दिवसा, रात्री आणि शाळेच्या वेळेला, असं वेगवेगळं ठरवा. जाण्याचा रस्ता गर्दीच्या वेळी एकदा जाऊन पाहा. फाइल, रक्तगट, आधार कार्ड, दोन स्वच्छ टॉवेल, धुऊन उन्हात वाळवलेली जुनी सुती साडी आणि बाळाची टोपी, हे सगळं एकाच पिशवीत दाराशी ठेवा. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. राज्यात २०१४ पासून चालणाऱ्या या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतात. सरकारी रुग्णालयात नाव घातलं असेल तर १०२ ची गाडी, प्रसूती, औषधं आणि लागल्यास रक्त, हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे. ते मागायला संकोच करू नका.

वाटेतच बाळ आलं तर

गाडी सुरक्षित जागी थांबवा, १०८ लावा आणि फोन चालू ठेवा. बाईला डाव्या कुशीवर झोपवा. बाळाला ओढू नका. डोक्याला फक्त हाताचा आधार द्या. नाळ मानेभोवती सैल असेल तर डोक्यावरून अलगद काढा. बाळाला लगेच कोरडं पुसा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांवर कोरडं कापड घाला, बाळाचं डोकं झाका. बाळ रडलं नाही तर पाठ चोळा. नाळ कापू नका, बांधू नका, वार ओढू नका. वार आपोआप पडली तर ती पिशवीत घालून बाळाजवळच ठेवा. बाळाला छातीशी लावा. चोखण्याने गर्भाशय आकसायला मदत होते. मध, गूळपाणी, घुटी काहीही देऊ नका, चीकच द्या. नंतर सगळं ठीक वाटलं तरी रुग्णालयात जायचंच आहे.

सिस्टरला आधी भेटा

आपण सगळी चौकशी डॉक्टरांची करतो. प्रत्यक्ष कळांमध्ये तासन्‌तास आपल्या शेजारी असते ती परिचारिका. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) नर्सच्या शिक्षणात प्रसूतिशास्त्र असतंच, आणि गावोगावची एएनएम म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. या कौशल्याला आता देशातही वेगळं स्थान मिळू लागलं आहे. केंद्राने २०१८ च्या डिसेंबरात मिडवायफरी (प्रसाविका) सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार नोंदणीकृत नर्सना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण देऊन, गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायची आहे. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने या प्रशिक्षणात मोठं काम केलं आहे. आपल्या महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू करून गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने दायांना आणि आरोग्यदूतांना बरोबर घेऊन नवजात बाळांचे जीव वाचवले. बाळंतिणीजवळ शिकलेला हात असला की काय होतं, ते या कामांनी दाखवून दिलं.

म्हणून नाव घालतानाच विचारा. रात्री लेबर रूममध्ये कोण असतं? डॉक्टर पोचायच्या आत बाळ आलं तर कोण सांभाळतं? कुशीवर किंवा उकिडवं बसून बाळंत होता येतं का? बाळ तासाभरात छातीशी देतात का? रक्तस्राव झाला तर इथे काय सोय आहे आणि पुढे कुठे पाठवतात? याची नीट उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरं प्रसूतिगृह बघा. मिडवाइफच्या हाती बाळंतपण म्हणजे फ्लॅटमध्ये ठरवून केलेलं बाळंतपण, असा अर्थ मात्र काढू नका. माझ्या सिस्टरकडे शिकलेला हात होता, तसंच इंजेक्शन, सलाइन आणि येणारे डॉक्टरही होते. या सगळ्यांनी मिळून मला वाचवलं.

बाळंतपणानंतर

घरी आल्यावर तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, तर "बाळंतिणीला होतंच" म्हणून अंगावर काढू नका. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. घाईत हे राहून जातं. बाळाची अंघोळ पहिल्या दिवशी नको.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इतक्या वेगात सगळं घडलं की मन मागे राहतं. मला कितीतरी दिवस गाडीतला तो कॉल झोपेत ऐकू यायचा. घरात सगळे "नशीबवान, पटकन सुटलीस" म्हणायचे आणि मला बोलता यायचं नाही. शेवटी सिस्टरकडे जाऊन बसले. त्यांनी नोंदी उघडून काय, कधी आणि का केलं, ते क्रमाने सांगितलं. त्यानंतर झोप लागू लागली. तुम्हालाही तसं वाटलं तर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

घरच्यांनो, दुसरेपणाची बाई "निघू या" म्हणाली की वाद घालू नका. घरी परत पाठवलं तर फार तर एक फेरी वाया जाईल. ती फेरी खुशाल वाया जाऊ द्या.