स्पीकरमधला चुंबक आणि होकायंत्राची सुई

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीशेजारी मोठा स्पीकर ठेवला की पडद्यावर जांभळे-हिरवे डाग पडायचे. कारण सोपं आहे. स्पीकरच्या चुंबकामुळे ट्यूबमधले इलेक्ट्रॉन वाकतात आणि भलत्याच रंगाच्या ठिपक्यावर आदळतात.

उपाय म्हणजे शिल्डिंग. मुख्य चुंबकाच्या मागे दुसरा चुंबक, समान ध्रुव समोरासमोर ठेवून चिकटवतात. त्यावर लोखंडी वाटी बसवतात. बाहेर सांडणारं चुंबकीय क्षेत्र बरंच कमी होतं. शिवाय अंतर दुप्पट केलं की क्षेत्र साधारण एक अष्टमांश उरतं.

आता एलईडी टीव्हीला चुंबकाची फिकीर नाही. मग हे शिकायचं कशाला? आमच्या मालवणात त्याचं उत्तर समुद्रात आहे. बोटीच्या केबिनमध्ये होकायंत्राजवळ साधा स्पीकर बसवला तर डाग दिसत नाही, सुई गुपचूप सरकते. १० अंशांची चूक म्हणजे २० किलोमीटरमध्ये बोट जवळजवळ साडेतीन किलोमीटर बाजूला. जीपीएस बंद पडलेल्या रात्री, खडकाळ किनाऱ्यावर हे परवडणारं नाही.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की बघा. स्पीकर होकायंत्रापासून लांब नेत जा. सुई हलायची थांबेल, त्याच्याही पलीकडे तो बसवा.