'व्हिलन' शब्दाची जन्मकथा

चित्रपटांमुळे 'व्हिलन' हा इंग्रजी शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला आहे. व्हिलन म्हणजे खलनायक, दुष्ट माणूस. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ 'शेतावर राबणारा' एवढाच होता, हे विद्यार्थी मित्रांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

लॅटिन भाषेत 'व्हिला' म्हणजे जमीनदाराची शेतवाडी. त्या वाडीवर राबणारा तो 'व्हिलानुस'. हा शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर इंग्रजीत शिरला. १०८६ च्या 'डोम्सडे बुक' या जमीनपाहणीत नोंदलेल्या लोकांत सर्वांत मोठा वर्ग याच बांधील कुळांचा होता. त्यांना जमिनीचा तुकडा मिळे. परंतु त्याबदल्यात मालकाच्या शेतात ठरावीक दिवस फुकट राबावे लागे. परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. मुलीच्या लग्नासाठीही मालकाला पैसे भरावे लागत.

१३८१ साली शेतकऱ्यांनी बंड केले व राजा दुसरा रिचर्ड याच्याकडे या बांधीलकीतून मुक्तता मागितली. राजाने ती कबूल केली, पण लवकरच शब्द फिरवला. पुढे १६०० च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ नाहीशी झाली. मात्र वरच्या वर्गाने या शब्दाला चिकटवलेला 'हलका', 'नीच' आणि शेवटी 'दुष्ट' हा अर्थ कायम राहिला.

'चर्ल' या शब्दाचेही असेच झाले. तो पूर्वी स्वतंत्र सामान्य शेतकरी होता. आज 'चर्लिश' म्हणजे असभ्य. याउलट 'नाइट' म्हणजे मुळात पोरगा, नोकर. तो घोड्यावर बसून मालकासाठी लढू लागला आणि त्या शब्दाला मानाचे स्थान मिळाले. म्हणजे शब्दाचा अर्थ माणसाच्या वागण्यावरून ठरला नाही. समाजातील त्याच्या जागेवरून ठरला.

आपल्या भाषेतही हे घडले आहे. 'ग्राम्य' म्हणजे गावाचा. पण आपण तो 'असभ्य' या अर्थाने वापरतो. 'नागर' म्हणजे नगराचा. तो मात्र सुसंस्कृत ठरला. म्हणून शब्दकोशात अर्थाबरोबर शब्दाची व्युत्पत्तीही पाहावी. कोणाला 'गावंढळ' म्हणण्यापूर्वी, हा शब्द कोणी कोणासाठी घडवला असेल, याचा आपण क्षणभर विचार करावा.