इंटरनेटवरून दूरध्वनी : अ‍ॅडाप्टरची जोडणी आणि घ्यावयाची दक्षता

मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत २८ जानेवारी १८८२ रोजी दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे घरातील दूरध्वनी आणि केंद्र यांना तांब्याच्या तारांची एक जोडी सांधत आली. या तारांतून आवाज जात असे आणि उपकरणाला लागणारी वीजही केंद्रातील सुमारे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून येत असे. त्यामुळे गावातील वीज गेली तरी दूरध्वनी चालू राही.

आता ही जागा ऑप्टिकल फायबर घेत आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेद्वारे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे कार्य हाती घेण्यात आले. घरे, शाळा व छोटी कार्यालये यांतूनही इंटरनेटची जोडणी होत आहे. याच जोडणीवरून नेहमीचा दूरध्वनी चालविता येतो. मात्र पूर्वी केंद्राकडे असलेल्या काही जबाबदाऱ्या त्यामुळे वापरणाऱ्याकडे येतात.

अ‍ॅडाप्टरचे कार्य

साधा दूरध्वनी आवाजाचे रूपांतर विजेच्या चढउतारात करतो. इंटरनेटवरून मात्र केवळ अंकरूप माहिती जाते. या दोहोंमधील दुभाषा म्हणजे अ‍ॅडाप्टर होय. तो आवाजाची दर सेकंदाला ८,००० वेळा मोजणी करतो आणि ते अंक लहान लहान पॅकेटांत भरून पाठवितो. सर्वसाधारण पद्धतीत सेकंदाला ५० पॅकेट जातात. प्रत्येक पॅकेटात आवाजाचे १६० बाइट आणि पत्त्याचे सुमारे ४० बाइट असतात. याचा हिशेब केल्यास एका संभाषणासाठी प्रत्येक दिशेने सेकंदाला ८० किलोबिट लागतात. आजच्या जोडणीच्या मानाने हा भार अल्प आहे. संभाषणासाठी मोठ्या वेगापेक्षा पॅकेट वेळेवर व खंड न पडता पोहोचणे अधिक महत्त्वाचे असते. आवाज पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक विलंब होऊ नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

जोडणीपूर्वी

प्रथम फायबरची पेटी तपासावी. अनेक पेट्यांत दूरध्वनीचे सॉकेट असते. सेवा देणारी कंपनी त्यावरून दूरध्वनी देत असल्यास वेगळा अ‍ॅडाप्टर घेण्याची गरज नाही. अ‍ॅडाप्टर घ्यावयाचा असल्यास सेवा भारतातील परवानाधारक कंपनीचीच असावी. इंटरनेटवरून देशातील कोणत्याही दूरध्वनीशी बोलण्याची सेवा अशा कंपन्यांनी देण्याबाबत केंद्र शासनाने २०१८ मध्ये स्पष्ट धोरण स्वीकारले. नंबर फिरविण्याची चकती असलेले जुने दूरध्वनी अनेक अ‍ॅडाप्टरांवर चालत नाहीत. त्याकरिता बटणांचे उपकरण घेणे इष्ट.

जोडणीचा क्रम

१. अ‍ॅडाप्टरचे नेटवर्क सॉकेट केबलने राउटरला जोडावे. दूरध्वनीची वायर ‘फोन’ असे लिहिलेल्या सॉकेटात घालावी. जुन्या दूरध्वनीच्या भिंतीवरील सॉकेटाशी हे सॉकेट कधीही जोडू नये. तारेत केंद्राची वीज असल्यास अ‍ॅडाप्टर निकामी होण्याचा संभव असतो.

२. वीज सुरू केल्यावर राउटर अ‍ॅडाप्टरला घरातील जाळ्याचा एक पत्ता देतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. हा पत्ता पुढेही तोच राहावा यासाठी राउटरमध्ये तो राखून ठेवावा.

३. काही अ‍ॅडाप्टरांत रिसीव्हर उचलून स्टारचे बटण तीन वा चार वेळा दाबल्यास हा पत्ता बोलून सांगितला जातो. त्याच जाळ्यावरील संगणकात तो पत्ता टाइप केला की अ‍ॅडाप्टरचे पान उघडते. कारखान्यातून आलेला पासवर्ड सर्वप्रथम बदलावा.

४. कंपनीने दिलेला सर्व्हरचा पत्ता, खात्याचे नाव व खात्याचा पासवर्ड या पानावर अचूक भरावा. नोंदणी पूर्ण झाल्याचे त्या पानावर किंवा अ‍ॅडाप्टरच्या दिव्यावरून समजते.

५. शेवटी चाचणी घ्यावी. रिसीव्हरमध्ये ऐकू येणारा डायल टोन अ‍ॅडाप्टर स्वतःच निर्माण करतो. तो नोंदणीचा पुरावा नव्हे. बाहेर एक फोन करावा, बाहेरून एक फोन मागवावा आणि दोन्ही बाजूंचा आवाज किमान दहा मिनिटे तपासावा. अ‍ॅडाप्टर अर्ध्या तासाहून अधिक वेळ स्वस्थ ठेवून बाहेरून पुन्हा एक फोन मागवावा.

दोष व उपाय

एकाच बाजूचा आवाज ऐकू येत असेल तर दोष बहुधा राउटरमध्ये असतो. घरातील सर्व यंत्रांसाठी बाहेर एकच पत्ता दाखविताना राउटर आवाजाच्या पॅकेटांची दिशा चुकवितो. इंटरनेट दूरध्वनीला साहाय्य म्हणून काही राउटरांत ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय असते. ती बंद केल्याने पुष्कळदा हा दोष दूर होतो. चाचणीच्या वेळी फोन येतो, परंतु काही वेळाने येईनासा होतो, असे आढळल्यास अ‍ॅडाप्टरने सर्व्हरशी संपर्क साधण्याचे अंतर कमी करावे. मोठ्या फाइली पाठविल्या जात असताना आवाज तुटत असेल, तर राउटरमध्ये अ‍ॅडाप्टरला अग्रक्रम द्यावा.

सुरक्षितता

इंटरनेटवरून दुर्बल पासवर्डचे अ‍ॅडाप्टर शोधून त्यांवरून महागडे आंतरराष्ट्रीय फोन करण्याचे प्रकार जगभर घडतात. त्याचे बिल खातेदाराच्या नावे येते. म्हणून अ‍ॅडाप्टरचे पान बाहेरून उघडता येऊ नये अशी व्यवस्था ठेवावी, त्याची प्रणाली अद्ययावत करावी आणि गरज नसल्यास परदेशी फोनची सोय कंपनीकडून बंद करून घ्यावी.

वीज गेल्यास काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. फायबरमधून वीज येत नाही. वीज गेली की फायबरची पेटी, राउटर व अ‍ॅडाप्टर तिन्ही बंद पडतात आणि दूरध्वनी मुका होतो. पावसाळी रात्री एखाद्याला सर्पदंश झाला, आग लागली किंवा नदीचे पाणी गावात शिरले, तर नेमक्या त्या वेळी वीज नसण्याचा संभव अधिक. कार्यालयात दूरध्वनी आहे या भरवशावर कोणी धावत आले आणि रिसीव्हरमध्ये शांतता आढळली, तर गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. म्हणून तिन्ही उपकरणांना बॅटरीचा आधार द्यावा. केवळ अ‍ॅडाप्टरला तो देणे निरुपयोगी होय. महिन्यातून एकदा मुख्य वीज बंद करून फोन करून पाहावा आणि बॅटरी किती वेळ टिकते ते लिहून ठेवावे. अ‍ॅडाप्टर दुसऱ्या गावी नेला तरी तोच नंबर चालू शकतो. त्यामुळे ११२ या आपत्कालीन क्रमांकावर बोलताना ठिकाण स्वतः स्पष्ट सांगावे. या क्रमांकासाठी चार्ज केलेला एक मोबाइल हाताशी असणेही आवश्यक आहे.

ग्रामपंचायत, शाळा व आरोग्य उपकेंद्र यांनी ही जोडणी करताना खात्याची माहिती, जोडणीचा आराखडा व चाचणीची तारीख यांची नोंद दप्तरी ठेवावी आणि एका कर्मचाऱ्यावर ही जबाबदारी सोपवावी. खात्याचा पासवर्ड मात्र सर्वांच्या नजरेस पडेल असा ठेवू नये. केंद्रातील कर्मचारी पूर्वी जी देखभाल करीत, ती आता अशा नियमित तपासणीतूनच होईल.