नंबर रोखणारे थेंब आणि वर्गातलं मूल



चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढणारी दोन-चार मुलं आज बहुतेक वर्गांत असतात. अशा काही मुलांना डोळ्यांचे डॉक्टर रोज रात्री झोपताना ॲट्रोपिनचा थेंब टाकायला सांगतात. या थेंबाने असलेला नंबर उतरत नाही, चष्माही सुटत नाही. नंबर वाढण्याचा वेग तेवढा कमी होतो.

त्रास का होतो?

ॲट्रोपिनमुळे डोळ्याची बाहुली मोठी होते, त्यामुळे उजेड जास्त आत शिरतो आणि उन्हात डोळे दिपतात. जवळचं पाहताना भिंगाचा आकार बदलणारा स्नायूही सैल पडतो, म्हणून पुस्तकातली अक्षरं पुसट दिसतात. सिंगापूरमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ टक्का ॲट्रोपिन वापरलं होतं. नंबर रोखला गेला, पण एवढ्या तीव्र औषधाने हे दोन्ही त्रास जास्त होतात. म्हणून आता साधारण ०.०१ ते ०.०५ टक्के इतके सौम्य थेंब देतात. त्यांनी त्रास कमी होतो, पण काही मुलांना होतोच.

वर्गात काय पाहावं?

मैदानावर मूल डोळे बारीक करतं का? वही लांब धरून वाचतं का? तसं असेल तर "वाचायला टाळाटाळ करतो" असा शेरा मारण्याआधी घरी विचारा, थेंब चालू आहेत का. खिडकीच्या झोतापासून जागा बदला, उन्हात टोपी घालू द्या.

घरी काय पाळावं?

- बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा. १ टक्क्याची बाटली ०.०१ टक्क्याच्या शंभर पट तीव्र असते.
- थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलकेच दाबा. औषध अंगात कमी उतरतं.
- डोळे लाल झाले, खाज सुटली, पापण्या सुजल्या तर ॲलर्जी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.
- तोंड कोरडं पडणं, चेहरा लाल होणं, ताप, छातीत धडधड हे क्वचित होतं, पण झालं तर लगेच दवाखाना गाठा.
- बाटली धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलं तर हे औषध विषासारखं बाधतं.

त्रास झाला म्हणून थेंब परस्पर बंद करू नका. अचानक थांबवल्यास नंबर पुन्हा झपाट्याने वाढू शकतो. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा चष्मा बदलून देतील. आणि थेंब चालू असले तरी मुलांना रोज मोकळ्या उजेडात खेळू द्याच. त्यांचा खेळाचा तास गणिताला देऊन टाकू नका!