अवसेची रात्र, मचाणावर मुक्काम

नॉर्वेतलं ट्रॉम्सो, स्वीडनमधलं आबिस्को, फिनलंडच्या उत्तरेकडची काचेच्या छताची घरं. आपल्याकडचीही बरीच मंडळी आता तिकडे जातात, रजईत पडून आभाळात नाचणारा हिरवा उजेड बघतात आणि फोटो पाठवतात. सौंसर-पांढुर्ण्याला तो उजेड दिसणार नाही. सूर्याकडून आलेले कण पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या कड्यात वातावरणावर आदळतात, शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन पेटल्यासारखा उजळतो, आणि आपण त्या कड्यापासून फार खाली, एकवीस-साडेएकवीस अक्षांशावर आहोत. मे २०२४ मधलं मोठं सौरवादळ आलं तेव्हाही भारतात त्याची लाली टिपली ती लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी.

पण त्या सहलीतला निम्मा आनंद उजेडाचा नसून अंधाराचा असतो. गावापासून लांब, दिवा नाही, ऊबदार गादी आणि वर उघडं आभाळ. हे सगळं आपल्या उंबऱ्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर पेंचच्या जंगलाकाठी मिळतं. तिथली एक रात्र वाया जाऊ न देता कशी साधायची, त्याची ही कृती.

आधी रात्र ठरवा, मग खोली. बहुतेक लोक उलट करतात. शाळेची सुट्टी बघून खोली घेतात आणि पोचल्यावर डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र निघतो. चंद्र असला की आकाशगंगा दिसत नाही, कितीही भाडं मोजलेलं असो. घरातलं कॅलेंडर काढा. संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, साधारण रात्री नऊच्या आसपास. तिथून पुढे चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीनंतर येतो, द्वादशीला थेट पहाटे. म्हणून वद्य दशमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतचे आठ-नऊ दिवस आपल्या कामाचे. शुद्ध तृतीयेची कोर लवकर मावळते, तिचा त्रास नाही.

महिना कोणता? जुलै ते सप्टेंबर सोडून द्या. जंगलाचा गाभाही तेव्हा बंद असतो आणि आभाळही. दिवाळीची अवस अंधारी खरी, पण फटाक्यांचा धूर आणि सुट्टीची गर्दी दोन्ही आड येतात. डिसेंबर चांगला. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून उल्का पडतात, आणि त्या सुमारास अवस आली तर त्याहून चांगलं काही नाही. ३१ डिसेंबर मात्र टाळा, शेकोट्या आणि गाण्यांत आभाळ हरवतं. जानेवारीत पाण्याकाठी पहाटे धुकं धरतं.

माझी पसंती माघातल्या अवसेला, म्हणजे महाशिवरात्रीला लागून येणाऱ्या रात्रीला. थंडी उतरलेली असते, हवा कोरडी असते, आणि एकाच रात्रीत हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं अशी दोन्ही आभाळं दिसतात. खुद्द शिवरात्रीला गावोगाव भजनं आणि हॅलोजन असतात, म्हणून तिच्यानंतरची एक-दोन दिवसांची रात्र धरा. त्याच आठवड्यात तामियाकडे जायचा बेत असेल तर तो पुढे ढकला. चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ घेऊन जाणारी आपल्याकडची माणसं जुन्नारदेव-तामियाच्या रस्त्यावर असतात, आणि तो रस्ता त्या दिवसांत त्यांचा आहे.

आता जागा. तीन सांगतो. पहिली जमतरा, पेंचचं छिंदवाड्याकडचं दार. तिथल्या जमतरा वाइल्डरनेस कॅम्पमध्ये तंबूत राहता येतं आणि वेगळं सांगून ठेवलं तर शेतातल्या मचाणावर झोपता येतं. पिकाची राखण करायला बांधतात तसाच उंच लाकडी मंच, त्यावर पलंग, गादी-रजई आणि मच्छरदाणी. छप्पर नाही. उत्तर ध्रुवाकडच्या काचेच्या खोलीशी नातं सांगणारी आपल्या भागातली जागा हीच. आपल्यापैकी ज्यांनी रानडुकरं आणि रोही हाकायला बापाबरोबर जागल केली आहे त्यांना हे मचाण नवं नाही. नवी आहे ती रात्रभर आभाळाकडे बघायची मोकळीक.

दुसरी सिल्लारी, महाराष्ट्राच्या बाजूला. खिशाला परवडणारी, आणि आभाळासाठी सगळ्यात खात्रीची. महाराष्ट्राकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. आंतरराष्ट्रीय संस्थेने नुसता दाखला दिला असं झालं नाही. त्याआधी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे बसवले गेले. वाघोडा तलावाजवळ आकाश बघायला मनोरा आहे, दुर्बीण आहे. राहायला वनविभागाचं पर्यटन संकुल आहे. सौंसरकडून सावनेर-मनसर करत नागपूर-जबलपूर महामार्गाला लागायचं आणि पवनीहून आत वळायचं.

तिसरी तामिया. सातपुड्याच्या कड्यावरचं गाव, खाली पाताळकोटची दरी. उंचीमुळे हवा स्वच्छ आणि राहायला मध्य प्रदेश पर्यटनाची सोय. पण गावाचे दिवे जवळ आहेत, तेव्हा कड्याच्या बाजूची खोली मागा. पेंचच्या तुरिया दाराजवळ हॉटेलं पुष्कळ आहेत, पण दिवेही तितकेच. सफारीसाठी ठीक, आभाळासाठी तिथे जाऊ नका.

फोन करून बोलून घ्या. ऑनलाइन पैसे भरण्याआधी तिथल्या व्यवस्थापकाशी बोला. भाड्याचा आकडा विचाराच, पण त्यात जेवण, सफारी आणि मचाणाची रात्र यांपैकी काय धरलंय ते वेगवेगळं लिहून घ्या. मग एवढं विचारा: जेवणानंतर आवारातले दिवे बंद होतात का? मचाणापासून राहुट्या किती लांब? रात्री जवळ राखणदार असतो का? आभाळ भरून आलं तर तंबूतली खाट राखून ठेवता का? त्या रात्री गावात लग्न आहे का? माघ-फाल्गुनात लग्नसराई असते आणि मंडपाचा एक फोकस अख्खी पूर्व दिशा धुऊन काढतो. रस्ताही विचारून घ्या. जमतऱ्याकडे आतल्या गावांतून जाताना नकाशातली जवळची वाट कधी नाल्यात उतरते.

"भाऊ, आम्ही आभाळ बघायला येतोय, वाघ नाही दिसला तरी चालेल," हे स्पष्ट सांगा. मग तेही त्या तयारीने वागतात.

सोबत काय घ्याल. कानटोपी, जाड मोजे, अंगभर शाल. फेब्रुवारीतही पहाटे दव पडतं आणि रजईचा वरचा पदर ओला होतो, म्हणून एक जास्तीची चादर. सात-पन्नासची दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर नवी विकत घेऊ नका. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर दोन-तीन पदरी रबराने बांधा. तांबड्या उजेडाने डोळ्यांना लागलेली अंधाराची सवय मोडत नाही. पाण्याची बाटली, भाजलेले शेंगदाणे आणि घरच्या बागेतली चार संत्री. साली मात्र पिशवीत भरून परत आणा, मचाणाखाली टाकू नका.

निघायच्या दोन दिवस आधी भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर उपग्रहाचं ढगांचं चित्र पाहा. पश्चिमेकडून पांढरा पट्टा सरकत येत असेल तर तारीख बदलता येते का विचारा. निघायच्या दिवशी दुपारी दोन तास झोपा. ही सूचना कुणी पाळत नाही आणि मग पहाटे आभाळ रंगात येतं तेव्हा माणसं घोरत असतात.

उजेड असतानाच पोचा. मचाणावर चढून दिशा पाहून घ्या. दक्षिणेला नागपूरचा पिवळट उजेड क्षितिजावर दिसेल, तिकडे पाय करा. उत्तरेला ध्रुव फार वर शोधू नका. आपल्या अक्षांशाइतकाच, म्हणजे क्षितिजापासून साधारण बावीस अंश वर तो असतो. हात लांब करून पंजा ताणला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं होतं, त्याहून किंचित जास्त. खाली उतरायची शिडी, राखणदार कुठे बसतो, स्वच्छतागृह कुठे, हे दिवसाच बघा. अंधार पडल्यावर एकट्याने खाली उतरायचं नाही. मोह गळायला लागतो त्या दिवसांत अस्वलं फिरतात, आणि अस्वल वाघाहून अधिक बेभरवशाचं. हाक मारा, राखणदार दिवा घेऊन येईल.

साडेसात वाजता मोबाइल बंद. ही या कृतीतली सगळ्यात कठीण पायरी. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पडद्याकडे एकदा पाहिलं की ती सगळी पुन्हा शून्यापासून. पहिली पाच मिनिटं फक्त मोठे तारे दिसतात आणि मन म्हणतं, एवढंच? थांबा. दहा मिनिटांनी मृगाच्या आजूबाजूची रिकामी जागा भरायला लागते. वीस मिनिटांनी मच्छरदाणीचे धागे आभाळावर काळे उमटलेले दिसतात, म्हणजे आभाळ धाग्यांपेक्षा उजळ झालं. आता बघायला सुरुवात करा.

आधी पश्चिम. संधिप्रकाश पूर्ण गेल्यावर, पावणेआठच्या सुमारास, सूर्य बुडाला तिथून वर चढत जाणारा फिकट पांढरा सुळका दिसेल, खाली रुंद आणि वर निमुळता. गावाचा उजेड समजून लोक तो सोडून देतात. तो राशिप्रकाश. ग्रह ज्या पातळीत फिरतात तिथली बारीक धूळ सूर्याच्या उजेडात चमकते, तीच ही. उत्तरेकडच्या थंड देशांत तो कलून क्षितिजालगत राहतो. आपल्याकडे माघ-फाल्गुनात राशींची वाट पश्चिमेला उभी चढते, म्हणून तो सरळ उभा दिसतो. काचेच्या घरात राहून आलेल्या पाहुण्याला हा दाखवा.

त्याच वेळी वायव्येला देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग, नुसत्या डोळ्यांनी. तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. थेट त्याच्याकडे न बघता किंचित बाजूला बघा, म्हणजे जास्त स्पष्ट होतो. डोळ्याच्या कडेची नजर अंधारात अधिक तेज असते.

आठच्या सुमारास मृग माथ्याच्या दक्षिणेला, पुढे व्याध. त्याच्या बरंच खाली, झाडांच्या शेंड्यांवर, एक शांत पांढरा तारा. तो अगस्त्य, आभाळातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी. ट्रॉम्सोच्या माणसाला तो कधीच दिसत नाही, त्याच्यासाठी तो क्षितिजावर येतच नाही.

दहाच्या पुढे ईशान्येला सप्तर्षी चांगले वर येतात. वसिष्ठाशेजारी अरुंधती सुटी दिसते का पाहा. आणि राखणदाराला वर बोलवून विचारा की तुम्ही याला काय म्हणता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हळकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांतून आकाशाची माहिती जमवली. त्यात सप्तर्षींचे चार तारे म्हणजे एका म्हातारीची खाट आणि शेपटाचे तीन तारे ती पळवायला आलेले चोर. पेंचकाठच्या गावांतही गोंड वस्ती आहे. ऐकायला मिळालं तर दुर्बीण बाजूला ठेवा आणि ऐका.

अकरा ते साडेतीन झोपा. हेही कृतीतलंच आहे. राखणदाराला साडेतीनला उठवायला सांगा आणि त्याच्याही विजेरीला लाल कागद बांधून द्या.

पहाटेचा भाग चुकवू नका. तीनच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा आग्नेयेला उगवतो. साडेचार ते सव्वापाच या वेळात वृश्चिकाची नांगी आणि धनू राशीच्या मध्ये तो चांगला वर आलेला असतो. गाभा म्हणजे धुरकट पट्टा नव्हे, त्यात काळ्या भेगा आणि दुधाळ गाठी वेगवेगळ्या दिसतात. फोटो काढायचा असेल तर आत्ताच. मोबाइल दांडीवर किंवा मचाणाच्या कठड्यावर पक्का टेकवा, पडद्याचा उजेड अगदी कमी करा, रात्रीचा मोड लावून दहा ते तीस सेकंद हात लावू नका. दोन-तीन फोटो पुरे. उरलेला वेळ डोळ्यांना द्या.

साडेपाचनंतर पूर्व फटफटायला लागते आणि काम संपतं. चहा घ्या, पण लगेच गाडी काढू नका. तास-दीड तास तंबूत आडवे व्हा, नाश्ता करा आणि नऊनंतर निघा. तामियाहून परतत असाल तर छिंदवाड्याच्या पुढे सिलेवानीचा घाट उतरायचा आहे, आणि रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी ती वळणं घ्यायची नसतात. निघण्याआधी व्यवस्थापकाला सांगून जा, आवारातला कोणता दिवा रात्रभर आड येत होता. पुढच्या अवसेला येणाऱ्याचं काम सोपं होईल.