लेखनिकाचा हात

इटली देशाच्या उत्तर भागात मोडेना नावाचे एक जुने नगर आहे. सतराव्या शतकात तेथे बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक वैद्य राहत असत. एकदा त्यांच्या घरचे शौचकूप उपसण्यासाठी मजूर आले होते. त्यांतील एक जण विलक्षण घाईने काम करीत आहे असे पाहून रामाझिनींनी त्याला त्या घाईचे कारण विचारले. मजुराने खड्ड्यातून वर पाहिले आणि सांगितले की, या जागी चार तासांहून अधिक वेळ राहणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले नाही त्याला कळावयाचे नाही. येथे राहणे म्हणजे आंधळे होणेच होय! रामाझिनींनी त्याचे डोळे तपासले. ते लाल व धूसर झालेले होते. पुढे नगरातील आंधळ्या भिकाऱ्यांमध्येही हाच धंदा केलेली माणसे त्यांना आढळली.

या प्रसंगातून एका मोठ्या ग्रंथाचा उगम झाला. निरनिराळ्या कारागिरांना कोणते रोग होतात व का होतात, याविषयीचा हा लॅटिन ग्रंथ 1700 साली प्रसिद्ध झाला. रोग्याला वैद्याने कोणते प्रश्न विचारावेत हे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याने सांगून ठेवले होते. रामाझिनींनी त्यांत एका प्रश्नाची भर घातली : "तुझा धंदा कोणता?"

1713 साली, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी ग्रंथाला पुरवणी जोडली. तीत लेखनिकांविषयी एक प्रकरण आहे. वास्तविक लेखनिकाचे काम ते किती सुखाचे! ऊन नाही, धूळ नाही, ओझे नाही. परंतु रामाझिनींनी त्यांच्या दुखण्याची तीन कारणे दाखविली : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अविरत होणारी हालचाल, आणि हिशेबात चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्यांच्या परिचयाचा एक लेखनिक होता. रात्रंदिवस लिहून त्याने पुष्कळ द्रव्य मिळविले. प्रथम त्याचा उजवा हात फार थकू लागला. कोणत्याही औषधाने गुण येईना. शेवटी तो हात अगदी लुळा पडला. बिचारा चिकाटीचा होता. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा अभ्यास केला. थोड्याच काळात डाव्या हातालाही तीच व्याधी जडली!

पुढे बोरू गेला, टाक गेला, टंकलेखन यंत्रही मागे पडले. आज पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतून हजारो माणसे संगणकाच्या पडद्यापुढे बसून काम करतात. तथापि रामाझिनींची तिन्ही कारणे जशीच्या तशी शिल्लक आहेत; उलट डोळ्यांच्या श्रमाची त्यांत भर पडली आहे.

मनुष्याच्या पापण्या एरवी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा मिटतात. प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे मिटणे पुष्कळच कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरू लागतात. शिवाय जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील एक लहानसा स्नायू आखडून धरावा लागतो. दूरवर दृष्टी टाकली की तो सैल होतो. बारीक काम करणाऱ्या कारागिरांनी मधूनमधून काम खाली ठेवून नजर दुसरीकडे वळवावी, असे रामाझिनींनीही सांगितले होते.

पाठीची गोष्ट याहून निराळी. मणक्यामणक्यांच्या मध्ये ज्या गाद्या असतात, त्यांत मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. भोवतालच्या भागातून झिरपून येणाऱ्या रसावर त्या जगतात आणि शरीराच्या हालचालीने त्या झिरपण्याला मदत होते. म्हणून उत्तमातल्या उत्तम खुर्चीवरही चार तास निश्चल बसणे वाईटच. मनगटात तर एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे वाकविणाऱ्या नऊ कंडरा व एक मज्जातंतू दाटीने जातात. मनगट वर मुडपून कळफलकावर बोटे चालविली की तेथील दाब वाढतो.

माणसाला कामाशी जुळवून न घेता काम माणसाशी कसे जुळवावे, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. काम व नियम अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून यास्त्शेंबोव्स्की या पोलिश निसर्गशास्त्रज्ञाने 1857 साली हे नाव बनविले. नाव भारदस्त असले तरी त्याचे नियम घरगुती आहेत. पडदा साधारण हातभर अंतरावर व त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. पावले जमिनीवर टेकावीत, न टेकल्यास खाली पाट घ्यावा. कोपर अंगालगत व मनगट सरळ असावे. खिडकी पडद्याच्या बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागे नसावी. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र पंचाईत होते. पडदा उंच करावा तर कळफलकही उंच होतो, खाली ठेवावा तर मान झुकते! अशा वेळी लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून वेगळा कळफलक जोडणे हाच उपाय. चांगल्या पुस्तकांचा हा काही मोठा सन्मान नव्हे. पण मान वाचते.

परंतु खुर्ची बदलली तरी मनावरचा ताण बदलत नाही. दर तासाला किती नोंदी झाल्या हे यंत्रच मोजते, तेव्हा कारकून उठून पाय मोकळे करण्यासही कचरतो. ही अडचण त्याला एकट्याला सुटण्यासारखी नाही. युरोपातील राष्ट्रांनी 1990 साली एक सामाईक निर्देश काढून तिचा भार मालकावर टाकला. पडद्यावरील कामात ठरावीक विश्रांती किंवा कामाचा पालट असावा, कामास आरंभ करण्यापूर्वी व पुढेही वेळोवेळी डोळे तपासून घेण्याचा हक्क कामगाराला असावा, आणि या कामासाठीच खास चष्मा लागला तर त्याचा खर्च त्याच्यावर पडू नये, असे त्यात ठरले. ब्रिटनने 1992 साली त्याप्रमाणे आपले नियम केले.