लॅपटॉपचे घड्याळ आणि दोन तारांचा सेल

सुट्टीत तंजावूरला गेलो, तेव्हा आजोबांच्या जुन्या लॅपटॉपची तारीख रोज मागे जात होती. त्यांनी मोडी कागदांचे केलेले देवनागरी लिप्यंतर त्यात आहे. कालच सुधारलेली प्रत जुन्या तारखेची दिसली आणि मी ती पुसणारच होतो!

दोष ३ व्होल्टच्या सीआर२०३२ सेलचा. मुख्य बॅटरी निकामी असल्याने प्लग काढला की घड्याळ त्याच्यावरच चाले. चार्जर व मुख्य बॅटरी काढून मगच तळ उघडला. सेलच्या तारा न ओढता कनेक्टर नखाने सरकवला. सेलवर थेट सोल्डर करू नये, तापून तो फुटू शकतो. तारांसह तयार सेलच घ्यावा. लाल तार जुन्याप्रमाणेच त्याच बाजूला हवी. मी आणलेला पहिला सेल नेमका उलटा निघाला, बदलून आणला. मग बायोसमध्ये तारीख लावली.

आजोबा आता फाइलीच्या नावातच तारीख लिहितात.